फ्रिजवरची पिशवी

"अब्बाजी, ते पुस्तक तुम्ही वाचलंय का?"

विचारलं एकदाचं. शगुफ्ताची छाती व्हायची नाही, अशी वर्गातल्या सायमा आणि मिशेलनं पैज लावली होती. व्हायची नाही म्हणजे काय? तिनं तर भर जेवणात विचारलं.

अब्बाजींनी रोटी खाली ठेवली. "मौलवीसाहेबांनी सांगितलंय त्यात काय आहे ते."

"त्यांनी वाचलंय?"

"जेव गुपचूप," अम्मी म्हणाली. "लगेच वकिलीणबाई झाली."

शनिवारी इथं इंग्लंडात, ब्रॅडफर्डच्या टाउन हॉलसमोर ती कादंबरी जाळायची होती. गल्लीनं विश्वासानं प्रत अब्बाजींकडे ठेवायला दिली होती, फ्रिजवर, पिशवीत. काल घरी कुणी नसताना शगुफ्तानं ती काढली होती. एका पानावर पैगंबर नबीजींची अशी थट्टा होती की तिचे कान तापले. आणि लगेच पुढच्या पानावर एक म्हातारा परक्या शहरातल्या तळ्याकाठी उभा राहून पाण्यात आपलं बुडालेलं गाव शोधत होता. अब्बाजींचं गाव तिकडे काश्मिरात, मंगला धरणाच्या पाण्यात गेलंय. हिवाळ्यात पाणी उतरलं, जुना घुमट दिसला, की मीरपूरहून चाचांचा फोन येतो आणि त्या रात्री अब्बाजी जेवत नाहीत. हे त्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? आणि ज्याला हे कळतं त्याला ती थट्टा कशी सुचते? कालपासून तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

"त्यात अल्लाचं नावही आहे," ती म्हणाली. "मग ते अम्मीच्या डब्यात नको का जायला?"

अम्मीचा हात थांबला. उर्दू पेपरच्या कपट्यावर जरी ते नाव दिसलं तरी ती तो डोळ्यांना लावून पिठाच्या जुन्या डब्यात ठेवायची. डबा भरला की अब्बाजी कपटे नदीत सोडून यायचे.

"ते इंग्रजीत आहे," अम्मी पुटपुटली, पण अब्बाजींकडे बघत.

"उघडलंस तू ते?" अब्बाजींनी विचारलं. "पुत्तर, तू आहेस तरी कुणाच्या बाजूची?"

मिशेलनंही दुपारी शाळेत असंच अडवून विचारलं होतं, "तुम्ही लोक पुस्तकं जाळता होय?" तेव्हा शगुफ्ता तिच्यावर उखडली होती. आता मात्र कुणावर उखडावं तेच कळेना.

ती उठली, पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन बसली.

"शनिवारी मी तुमच्याबरोबर येणार, अब्बाजी. पण हे येणार नाही. हे मी इथंच, तुमच्या दोघांसमोर बसून, शेवटपर्यंत वाचणार आहे."