नात्याचा रकाना

"मागचं पान, लीगा. त्याच्याही मागचं. थांब, आता हलवू नकोस."

ग्रंथपाल लीगाने दोन्ही हात वर केले. "वेल्ताबाई, मी कुठे हलवतेय? तुमची खुर्चीच हलतेय."

खरंच हलत होती. एकाहत्तर वर्षांच्या वेल्ता झेर्वेचे गुडघे शाळकरी पोरीसारखे नाचत होते. संगणकाच्या पडद्यावर १८२६ सालची यादी होती, जर्मन कारकुनाच्या किरट्या अक्षरातली. त्याआधी इथे लाटवियात कुळांना आडनावच नव्हतं. वाडीचं नाव तीच माणसाची ओळख. भूदास मोकळे झाले, जहागिरीच्या कचेरीपुढे रांगा लागल्या आणि घराघराला आडनाव मिळालं. कुणाला झाडाचं, कुणाला पाखराचं. वेल्ताच्या पूर्वजाला मिळालं झेर्वे, म्हणजे करकोचा. जर्मन कारकुनाने ते आपल्या कानाला पटेल तसं लिहिलं, आईला सैबेरियात हद्दपार केलं तेव्हाच्या कागदांवर ते रशियन अक्षरांत गेलं, आणि वेल्ताच्या पासपोर्टावर पुन्हा लाटवियन झालं. गावकचेरीत अडतीस वर्षं जन्ममृत्यू नोंदवणाऱ्या बाईला असले वेश ओळखणं म्हणजे हातचा मळ.

अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. उद्या रविवारी दफनभूमीचा सण. सारं गाव आपापल्या माणसांच्या कबरींपाशी जमणार, आणि त्याआधी वेल्ताला एक अर्ज भरून द्यायचा होता. 'माझ्यानंतर ही जागा कोण सांभाळेल? नाव. नातं.' झेर्वे घराण्यात आता ती एकटीच उरली होती. रकाना कोरा राहिला, तर तिच्या मागे काही वर्षांनी आईबापांची जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

शेजारच्या कबरी सांभाळणारा आग्रिस विल्क्स वसंतातच म्हणाला होता, "माझं नाव टाक की."

"आणि नातं काय लिहू?"

"शेजारी."

"शेजारी हे नातं नव्हे."

"मग चुलतभाऊ लिही. कोण बघतंय?"

"मी बघतेय," वेल्ता म्हणाली होती.

तिने आयुष्यात एक रकाना कोरा सोडला नव्हता, आणि एकही खोटा भरला नव्हता.

पडद्यावर लेयस सीली वाडी उघडली होती. बाप येकाब्स. मुलगे दोन. पेतेरिस: आडनाव झेर्वे. आंद्रेयस: '१८१७ पासून पलीकडच्या जहागिरीत'. हे पान तिला पाठ होतं. पलीकडच्या यादीत तिने किती वर्षं आंद्रेयस झेर्वे शोधला होता, आणि तो कधी सापडलाच नव्हता. आज सकाळी बटाटे सोलता सोलता तिचा हात एकदम थांबला. आडनावं वाटली तेव्हा आंद्रेयस पलीकडे होता. भाऊ सख्खे, पण रांगा दोन, कारकून दोन. तो झेर्वे असेलच कशाला? सोललेले बटाटे पाण्यात टाकून ती सायकलवर बसली होती.

"लीगा, आता पलीकडची यादी उघड, पण आडनाव बघूच नकोस. वाडी बघ. लेयस सीलीहून आलेला कुणी आहे का?"

चौथ्या पानावर तो होता. 'आंद्रेयस, येकाब्सचा मुलगा, लेयस सीलीचा.' पुढे आडनाव: विल्क्स.

"लांडगा," लीगा म्हणाली. "करकोच्याचा सख्खा भाऊ लांडगा. घरात जेवणं कशी होत असतील हो?"

वेल्ताला हसूही येईना. आंद्रेयसपासून आग्रिसपर्यंतच्या पिढ्या तिच्या बोटांवर होत्या. त्या साऱ्या नोंदी अडतीस वर्षं तिच्याच कपाटात होत्या.

छापील पान कोटाच्या आत घालून तिने सायकल हाणली. दफनभूमीत लिंडनच्या फुलांचा वास होता आणि जिकडेतिकडे दाताळी खरखरत होती. आग्रिस सणासाठी आपल्या कबरींभोवतीची वाळू दाताळ्याने ओढून सारखी करत होता. त्याच्या आणि तिच्या जागेमध्ये हातभर रुंदीची पट्टी होती. ती कुणाची, यावर दोघं तीस वर्षं भांडत आले होते, म्हणून ती कुणीच ओढत नसे. तिथे गवत माजलं होतं.

"आज काय, पट्टी मोजायला टेप आणलीस?" तो म्हणाला.

"वाच."

त्याने चष्मा शोधला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हे जर्मन मला कळत नाही."

तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला, मुलांना दाखवावा तसा. येकाब्स. पेतेरिस. आंद्रेयस.

आग्रिसने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं मी बहिणीशी भांडतोय."

"सहाव्या पिढीतल्या."

"तरी मला वाटायचंच. परक्या माणसांचं इतकं भांडण टिकत नाही."

वेल्ताने अर्ज गुडघ्यावर ठेवला. नाव: आग्रिस विल्क्स. पुढच्या रकान्यावर पेन क्षणभर थांबलं. मग तिने आपल्या कचेरीतल्या सरळ, गोल अक्षरात लिहिलं: भाऊ.

आग्रिसने वाकून पट्टीतलं गवत मुळासकट उपटलं. मग दाताळं घेऊन तो तिच्या आईबापांच्या कबरींपलीकडे जाऊन उभा राहिला आणि मागे मागे सरकत वाळू ओढू लागला, म्हणजे स्वतःची पावलं मागे उरत नाहीत. आईच्या शेजारी, जिथे अजून दगड नव्हता, तिथे तो थांबला.

"इथे तू?"

"हो. इथे मी."

त्याने मान हलवली आणि तिथलीही वाळू ओढली, बाकीच्यांपेक्षा थोडी हळू. मग तीच रेघ न तोडता पट्टीवरून पलीकडे आपल्या माणसांपर्यंत नेली.