बदामाखालचा कोपरा

"कुणाला पटायचं नाही, पण आत्ता या घडीला घाटात रस्त्याच्या मधोमध एक अस्वल झोपलंय," म्हातारा स्वयंपाकघरातूनच मोठ्याने म्हणाला आणि गार लोण्याचे तुकडे मैद्यात चोळू लागला. "मागे ट्रकची ही रांग. सगळ्यांत पुढे आपला पोरगा. खाली उतरून अस्वलाला गाणं म्हणून दाखवतोय."

"उठवायला की झोपवायला?" पलीकडच्या खोलीतून बायकोने विचारलं.

"त्याचा आवाज तुला ठाऊक आहे. अस्वल बिचारं कानांवर पंजे दाबून पडलंय."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

ओट्यापाशी सफरचंदं चिरणाऱ्या मुलीने सुरी खाली ठेवली. सकाळचा फोन तिनेच घेतला होता. भावाचा ट्रक घाटातून दरीत कोसळला होता. तो जागीच गेला. मृतदेह अजून वर आणायचा होता. आईच्या हृदयाला धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी मागेच बजावलेलं. आज तरी तोंड उघडायचं नाही, असं बापलेकींनी ठरवलं. पण फोनच्या आधीच आईचं फर्मान सुटलं होतं: पोरगा संध्याकाळी येतोय, त्याच्या आवडीचं सफरचंदाचं क्रंबल करा. न करावं, तर तिला लगेच संशय आला असता.

थापा मारण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोटीवर आचारी असताना त्याने म्हणे देवमाशाच्या पाठीवर पाव भाजले होते. बायकोने त्याची एकूण एक थाप पकडली होती, आणि पकडली की ती दुसरी मागायची.

त्याने फोडी भांड्यात पसरल्या, वर साखर आणि दालचिनी भुरभुरवली. दालचिनीने पोराच्या जिभेवर लहानपणापासून पुळ्या उठायच्या, म्हणून एक कोपरा नेहमी कोरा राहायचा आणि वरच्या मैदा-लोण्याच्या चुऱ्यावर तिथे खुणेचा बदाम असायचा. चुरा पसरून झाल्यावर म्हाताऱ्याने आठवणीने बदाम खोचला. मुलीने तोंड फिरवलं.

ओव्हनमधून निघालेलं भांडं बायकोने अख्खंच पलंगावर मागवलं. तिला अलीकडे अन्न मातीसारखं लागायचं, दोन घासांवर ती जात नसे. तिने चमचा थेट बदामाखाली घातला.

"आई, तो दादाचा कोपरा."

"माहीत आहे." तिने बदाम उचलून चादरीवर ठेवला आणि घास सावकाश चघळला. "मग? उठलं का अस्वल?"

"उठलं तर. आता ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसलंय, खिडकीची जागा पटकावून. येतीलच दोघं. तू दाराकडे बघून दचकू नकोस म्हणजे झालं." म्हाताऱ्याचा आवाज जराही हलला नव्हता. बोटं मात्र अजून चोळत होती, त्यांत मैदा नसतानाही.

"यात दालचिनी आहे," ती म्हणाली.

"घाईत हात गेला असेल, अगं."

"इतक्या वर्षांत या कोपऱ्यात तुमचा हात कधी गेला नाही."

तिने चमचा भांड्यात ठेवला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याच्या बोटांकडे.

"अहो, ही थाप आहे," ती म्हणाली. "दुसरी सांगू नका."