तोफेची काही तक्रार नाही

सूनबाईच्या सासूबाईंना सगळी गल्ली तोफ म्हणायची, आणि उगीच नाही म्हणायची. दूधवाला पिशवी दारात टेकवून मागे कुत्रं लागल्यासारखा जिना उतरायचा. चपलांचा दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की शटर अर्धं खाली ओढायचा. दंतवैद्याचं तर विचारूच नका. त्या बिचाऱ्याने सरळ, सुरेख, एकसारखी कवळी करून दिली, तर सासूबाई आरशात बघून म्हणाल्या, “हे कुणाचे दात? माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. जन्मभर होती. परक्या बाईचं तोंड घेऊन मी घरी जायची नाही.” आणि बसल्या त्याच्याच खुर्चीत ठिय्या मारून. शेवटी त्याने हात टेकले आणि दुसऱ्या कवळीत फट ठेवून दिली.

घरात या तोफेचं तोंड कायम सूनबाईकडे. चहा गोड झाला, चहा फिका झाला, पडदा वाकडा, दार आपटलं, दार आपटलं नाही म्हणजे नीट लागलं नसणार. त्यात सूनबाईची नोकरीही तक्रारींचीच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती तक्रार खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंची. रोज आगीतून फुफाट्यात!

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवराबायको दोघंही नोकरीवर. निर्णय सासूबाईंनीच जाहीर केला. “मला ठेवा वृद्धाश्रमात. तेवढाच हिच्या हातचा चहा सुटेल.”

आश्रम दिसायला देखणा होता. दारात बाग, आरशासारखी फरशी, आणि संचालिकेचं बोलणं इतकं गोड की सूनबाईने पहिल्याच दिवशी तिचं नाव साखरबाई ठेवून टाकलं. भेटीला फक्त रविवारी यायचं, एवढाच काय तो नियम. सुरुवातीचे रविवार मजेत गेले. सूप पाणचट, उशी दगड, शेजारीण घोरते, पंखा नुसता शोभेला. मुलगा मान खाली घालून ऐकायचा. सूनबाई मात्र घरी येताना निर्धास्त असायची. तोफ धडाडतेय, म्हणजे दारूगोळा शाबूत आहे.

आणि एका रविवारी मुलाने विचारलं, “आई, कशी आहेस?”

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“सूप?”

“छान असतं.”

“आणि पंखा?”

“छान आहे.”

मुलगा हरखून गेला. घरी येताना म्हणाला, “बघितलंस? माणसं प्रेमाने वागली की आई सुद्धा सुधारते. उगीच आपण इतकी वर्षं हाल सोसले.”

सूनबाईला मात्र कचेरी आठवली. तिच्या खिडकीवरचा एक शिरस्ता होता. रोज भांडायला येणारा माणूस एकाएकी यायचा थांबला, की इतर कारकून सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि सूनबाई त्याच्या घरी फिटर पाठवायची. नळाला पाणी आलं म्हणून कुणी गप्प बसत नाही हो, पाणी आलं तर काल का नव्हतं म्हणून भांडायला येतात! गप्प बसतो तो दमलेला माणूस, नाहीतर ज्याच्या जिन्यातच पाणी भरलंय तो.

पुढच्या रविवारी तिने थर्मासमधून चहा नेला. मुद्दाम कोमट केलेला, आणि साखर अशी घातलेली की चमचा उभा राहावा. हा चहा एरवी सासूबाईंनी खिडकीबाहेर ओतला असता आणि वरून खाली कुणी होतं का ते बघितलं असतं.

सासूबाईंनी घोट घेतला. “छान आहे,” त्या म्हणाल्या.

सूनबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

तिने नीट पाहिलं. सासूबाईंचं तोंड काहीतरी वेगळंच दिसत होतं. ओठ पुढे आलेले, बोलताना आतून कटकट आवाज. “आई, जरा दात दाखवा बघू.” सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. सरळ, सुरेख, एकसारखे दात. फट गायब!

“आई, हे दात कुणाचे?”

“माझेच,” सासूबाई पुटपुटल्या. “छान आहेत.”

सूनबाईने मान वर केली. समोरच्या बाकावर एक निवृत्त बँडमास्तर बसले होते. त्यांनी सभ्यपणे हसून नमस्कार केला, एक अंगठा वरच्या दातांना टेकवून. मास्तरांच्या तोंडातून तिच्या सासूबाई हसत होत्या. तीच फट!

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या आईचे दात त्या मास्तरांच्या तोंडात आहेत.”

“असं कसं असेल?” नवरा म्हणाला, कारण नवऱ्यांना दुसरं काही सुचत नसतं. मग त्याने पाहिलं आणि हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

एवढ्यात साखरबाई आल्या. “अगं बाई, धुताना अदलाबदल झाली वाटतं! म्हातारी माणसं, कुठेही काढून ठेवतात. चला आजी, आतून बदलून आणू.” आणि त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. पण ज्या बाईला बघून चपलांचा दुकानदार शटर ओढायचा, त्या बाईने डोळे घट्ट मिटून घेतले. सूनबाईने ते पाहिलं. तिने सासूबाईंची बाही वर सारली. मनगटाभोवती काळानिळा पट्टा होता, दुसऱ्या मनगटावरही तसाच.

“पडल्या होत्या ना परवा,” साखरबाई म्हणाल्या.

“दोन्ही मनगटांवर पडल्या?” सूनबाईचा आवाज असा चढला की मास्तरांचा अंगठा सुटला आणि कवळी मांडीवर पडली. “उठा हो, आईंची चप्पल शोधा. चप्पल नसेल तर उचलून घ्या.” मग तिने मोबाईल काढून सगळ्याचे फोटो घेतले, मनगटांचे, दातांचे, मास्तरांच्या मांडीचेसुद्धा. साखरबाई नियम सांगत होत्या, परवानगी सांगत होत्या, सही सांगत होत्या. सूनबाई खिडकीवर इतकी वर्षं हेच लोकांना सांगत आली होती, तिच्यावर काय डोंबल परिणाम होणार!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटं तपासली, रक्त तपासलं आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. माणूस दिवसभर गुंगीत राहील इतकं झोपेचं औषध रक्तात होतं. हवालदार मात्र आधी हसला. “दात बदलले, हा कुठला गुन्हा म्हणून लिहू?” मग सूनबाईने मनगटांचे फोटो पुढे केले आणि त्याचं हसू मावळलं. त्याच संध्याकाळी पोलीस आश्रमात गेले. धुण्याच्या खोलीत एक प्लास्टिकचं टमरेल सापडलं. त्यात पाण्यात बुडवलेल्या कवळ्याच कवळ्या!

काय चाललं होतं ते सासूबाईंनी एकदाच सांगितलं, सूनबाई त्यांची नखं कापत होती तेव्हा, नखांकडे बघत. “जास्त बोललं की दात काढून घ्यायचे. तरी बोललं की चादरीने खुर्चीला बांधायचे. रविवारी सकाळी दात परत.” बोळक्या तोंडाची तक्रार कुणाला कळणार, हा साखरबाईंचा हिशेब. त्या रविवारी टमरेलातून वाटप करणाऱ्या बाईने घाईत दात चुकवले, आणि सासूबाई नि मास्तर दोघंही जीव मुठीत धरून, मिळाले ते दात तोंडात घालून गुपचूप बसले होते.

ते ऐकून मुलगा रडला. “मी म्हणालो, सुधारली,” एवढंच परत परत म्हणत राहिला. सूनबाई त्याला कोणत्या तोंडाने बोलणार? आश्रम निवडायला तीही गेली होतीच की, आणि फरशीत तोंड बघून खूश झाली होती.

आता खरी गंमत पुढे. सासूबाईंची फटीची कवळी म्हणजे पुरावा, म्हणून पोलिसांनी ती पिशवीत घालून सील केली. मुद्देमाल! सासूबाईंच्या बाजूच्या वकीलबाईंनी अर्ज केले, पण उत्तर एकच, खटला संपेपर्यंत मिळायची नाही. म्हणजे आधी आश्रमाने दात काढून घेतले, मग कायद्याने. नवी कवळी करू म्हटलं तर सासूबाईंनी मान हलवली. “नको. पुन्हा कुणी घेतली तर?” आणि घरात लापशी, कुस्करलेला बटाटा आणि शांतता. भयंकर शांतता! सूनबाई पडदा वाकडा लावायची, दार आपटायची, चहात साखरेचा डोंगर ओतायची. सासूबाई म्हणायच्या, “छान आहे.” तो चहा पिऊन नवऱ्याची साखर वाढली, पण तोफ काही उडेना. सूनबाईला खटल्याची धास्ती नव्हती. हरलो तर वरच्या कोर्टात जाऊ, ती म्हणायची. धास्ती होती ती ही, की सासूबाई अशाच छान म्हणत म्हणत एक दिवस जातील.

सुनावणीला साखरबाई पांढरी साडी नेसून आल्या. “आजींनी आमच्याकडे असताना एका शब्दाने तक्रार केली नाही,” त्यांनी शपथेवर सांगितलं. “उलट सगळ्याला छान म्हणायच्या.” मग त्यांचे वकील उभे राहिले. मोठे हुशार. आजींच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, त्यांना तक्रारीची खोडच आहे, हे सिद्ध करायला त्यांनी साक्षीदारांची रांग लावली. दूधवाला आला आणि म्हणाला, “साहेब, माझ्या गुडघ्याचं दुखणं त्यांच्या जिन्याचं आहे.” चपलांच्या दुकानदाराने शटरचा किस्सा सांगितला. दंतवैद्य फटीची कथा सांगताना घामाघूम झाला. कोर्ट हसत होतं आणि वकीलसाहेब मिशीत हसत होते.

वकीलबाई उठल्या. दूधवाल्याला विचारलं, “या बाई कधी गप्प बसलेल्या पाहिल्यात?”

“गप्प?” दूधवाला म्हणाला. “घसा बसला होता तेव्हा पातेलं वाजवून तक्रार करायच्या.”

मग त्या साखरबाईंकडे वळल्या. “सगळ्या जन्मात यांनी कुणाला सोडलं नाही, हे तुमचेच साक्षीदार सांगतात. त्या तुमच्याकडे आल्या आणि सगळ्याला छान म्हणू लागल्या, हे तुम्ही सांगता. मग असं केलंत तरी काय त्यांना?”

साखरबाईंनी वकिलाकडे पाहिलं. वकीलसाहेब खाली वाकून पडलेलं पेन शोधू लागले. पेन पडलं नव्हतं.

पण साक्ष तर सासूबाईंचीच व्हायला हवी होती. मुलाने त्यांना धरून पिंजऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. न्यायाधीशांनी आपुलकीने विचारलं, “आजी, आश्रमात कसं वागवायचे?” सासूबाईंनी साखरबाईंकडे पाहिलं. साखरबाई गोड हसल्या. सासूबाईंनी मनगटं पदराखाली घेतली.

“छान,” त्या म्हणाल्या.

सूनबाईला वाटलं, संपलं सगळं. मग तीच उभी राहिली, न विचारता. “साहेब, त्यांना त्यांचे दात द्या! बिनदाताच्या माणसाला काय विचारताय? ती पिशवी तिथे टेबलावर पडलीय!”

“खाली बसा,” न्यायाधीश म्हणाले. सूनबाई बसली नाही. वकीलबाईंनी प्रसंग सावरला. “साक्षीदाराने मुद्देमाल ओळखणं आवश्यक आहे, साहेब. तो तोंडात घातल्याशिवाय ओळखता येणार नाही.” विरोधी वकिलाने हरकत घेतली, पण नेमकी कशाला घ्यावी हे त्याला सुचेना. न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि सील फोडायला सांगितलं. शिपायाने कवळी धुऊन आणली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, फटीवरून बोट फिरवलं, आणि तोंडात बसवली. जबडा एकदा इकडे केला, एकदा तिकडे. अख्खं कोर्ट वाट बघत होतं.

“ही धुतलीय?” सासूबाई शिपायाला म्हणाल्या. “याला धुणं म्हणतात?”

सूनबाईने पदर तोंडात कोंबला.

मग तोफ सुटली. चादर, खुर्ची, गुंगीचं औषध, टमरेल, कोण दार लावायचं, कोण हसायचं, शेजारीण रात्रभर पाणी मागायची आणि कुणी द्यायचं नाही, सगळं. साखरबाईंकडे बोट रोखून, डोळ्याला डोळा लावून. लेखनिकाला हात झटकायला उसंत मिळेना. साखरबाई पुढे तुरुंगात गेल्या, आश्रमाला टाळं लागलं, मास्तरांच्या मुलाने वडिलांना घरी नेलं, पण ते सगळं नंतर. त्या दिवशी सासूबाईंनी खुर्ची टोचते म्हणून सांगितलं, पंखा नुसता शोभेला आहे म्हणून सांगितलं, आणि न्यायाधीश “आजी, अजून काही?” म्हणाले, इथे त्यांनी चूक केली.

“आहे ना,” सासूबाई म्हणाल्या आणि बोट सूनबाईकडे वळलं. “ही. घरी आणल्यापासून मला पाकाचा चहा पाजतेय. रोज! माझ्या बोलण्याला कुणी विचारत नाही म्हणून घोट घोट गिळला मी. तेही लिहून घ्या.”

लेखनिकाने न्यायाधीशांकडे पाहिलं. सूनबाई उभी होती तिथेच घळाघळा रडत होती आणि हसतही होती.

“लिहा हो साहेब,” ती म्हणाली. “अगदी खरं आहे. सगळं लिहून घ्या.”