बाळासोंची सकाळची तोड

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास तिथेच हातात देतात. शाहूपुरीचे बाळासो चाळीस वर्षं ते दूध पीत आले होते. त्यामुळे ताजं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. फौंड्रीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ही विद्या घरच्या जेवणावर चालवली. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि भाजी शेतातून कधी तोडली याचा निकाल द्यायचा, "काल दुपारची तोड. चालंल." घरात फ्रिज होता, पण फ्रीझरमध्ये बर्फाखेरीज काही ठेवायला सक्त मनाई होती.

यंदा मात्र ही गंमत अंगाशी आली. सून राजनंदिनीला सहावा महिना लागला आणि तिचं हिमोग्लोबिन साडेआठवर घसरलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "जोडीला रोज वाटीभर भाजी आणि फळ पोटात गेलंच पाहिजे. महिन्याभरात रक्त वाढलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल."

आषाढातली भाजी ती, महाग आणि वर भिजलेली. घरात पगार एकट्या मुलाचा. बाळासो मंडईतून आणत ती मेथीची जुडी निवडून झाली, की चौघांच्या वाट्याला चमचा-चमचा येई. शेवटी राजनंदिनीने दुकानातून गोठवलेल्या मटारचं पाकीट आणलं. बाळासोंनी ते दोन बोटांत धरलं, छत्री घेतली आणि भर पावसात दुकानदाराला परत नेऊन दिलं.

"पावणं, ह्ये मढं तुमचं तुमालाच ऱ्हाऊ दे. आमच्या घरात पोटुशी पोर हाय."

ती पोटुशी पोर तेव्हा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होती. हे फक्त तिच्या सासूने, शालूबाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आजपास्नं भाजीचं मी बघती. तुमचा गुडघा दुखतोय, पावसात घसरून पडशिला."

आणि काय चमत्कार! ताटात मटार आले, पालकाची डाळ आली, वर आंब्याच्या फोडी. बाळासोंनी घास घेतला, डोळे मिटले.

"ह्याला म्हणत्यात ताजं. आज सकाळची तोड. बाजार कसा करावा, शिक म्हणावं सुनंला."

शालूबाईंनी मान खाली घालून आणखी एक डाव वाढला. हा निकाल पुढे महिनाभर रोज लागत होता.

महिन्याने रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेदहा! बाळासोंनी कट्ट्यावर पेढे वाटले आणि माणसाला जिभेची पारख कशी असावी, यावर अर्धा तास भाषण केलं. तिथून छाती पुढे काढून घरी आले, तर दारात शेजारची ऋता उभी. शाळेत शिकवते ती.

"काका, आठवडाभर मलकापूरला चाललेय, फ्रिज बंद ठेवतेय. काकूंची एवढी पाकिटं घ्या."

बाळासोंच्या हातात गारढोण पिशवी आली. आतल्या पाकिटांवर शालूबाईंच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. मटार, बारा जानेवारी. पालक, वीस जानेवारी. आंबा, पंधरा मे.

"शालू, म्हैनाभर आपुन ह्ये खाल्लं?"

"व्हय."

"मला फसवलंस."

"व्हय, भाजी कुठली ते लपवलं. पर आज तोडलीया असं मी एकदा तरी म्हनली का? त्ये तुमीच डोळं मिटून सांगत व्हता की." शालूबाई आता थांबणार नव्हत्या. "तुमची मेथी शेतातनं पोत्यात, पोत्यातनं टेंपोत, टेंपोतनं पाटीवर. दोन दीस झाल्यावर वर पाण्याचा शिपका, आन् तुमी म्हनणार ताजी. मी आन् ऋतानं जानेवारीत स्वस्ताईत पोतं घेतलं, त्याच दुपारी सोललं, दोन मिंटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, कोरडं करून थेट फ्रीझरमंदी. दूध कट्ट्यावर पिळून मिळतंय, पर मटाराची म्हैस दारात बांधता येत न्हाय."

बाळासो पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. पिशवीतलं पाणी त्यांच्या पायजम्यावर टपटप गळत होतं.

"पाकीट परत दिलंसा त्या दिवशी पोर रडत व्हती," शालूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमास्नी भाजीची तोड दिसली. पोर दिसली न्हाय."

हे मात्र बाळासोंना लागलं. ते उठले, फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे काढून मोरीत उपडा केला आणि पाकिटं एकेक करून आत लावली. मग सुनेकडे न बघताच म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

"असू दे मामा," राजनंदिनी म्हणाली. "उद्या पालक करू का मटार?"

दुसऱ्या दिवशी तीच छत्री घेऊन बाळासो त्याच दुकानात गेले. मटारचं पाकीट मागितलं, चष्मा लावून मागचं सगळं वाचलं. आत मीठ नाही, साखर नाही, नुसते मटार आहेत, अशी खात्री झाल्यावरच पैसे दिले. दुकानदार हसला. बाळासोही कसनुसं हसले.

मंडळी, ताजेपणाचा हट्ट धरून ताट रिकामं ठेवण्यात कसला आलाय मोठेपणा? हंगामात स्वस्त असेल ते नीट गोठवून ठेवा, नाहीतर दुकानातलं पाकीट वाचून घ्या. पण घरातल्या प्रत्येकाच्या पोटात भाजी आणि फळ रोज जाऊ द्या. आणि ताटाच्या आधी जेवणाऱ्याचा चेहरा बघा.

पुढच्या जानेवारीत शाहूपुरीतल्या त्या घरात मटारची दोन पोती आली. तीन महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बाळासो शेंगा सोलत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते, "चिठ्ठीवर तारीख घाला की! आषाढात मला चवीवरनं वळखता येत न्हाय."