दुसऱ्या बाजूचं गाणं

भोंगा पार्टीचं गाणं ज्याच्या कानावर पडलं नाही, असा माणूस त्या चाळीत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. गिरणीतल्या सहा जणांनी ढोल, क्लॅरिनेट आणि पेटी घेऊन पार्टी काढली, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. पुढं विजेवरची गिटार आली आणि आवाज असा वाढला की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं. मागल्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, मुंबईच्या एका कंपनीनं त्यांच्या आठ गाण्यांची मोठी तबकडी काढली. पण मोठी तबकडी वाजवणार कोण? हॉटेलात, मांडवात, जत्रेत चालते ती छोटी, एका बाजूला एकच गाणं असलेली. म्हणून आता आठांतली दोन उचलून, नव्यानं गाऊन छोटी काढायची ठरली, आणि कोणती दोन ते ऐकणाऱ्यांनीच कळवावं, असं पत्र आलं.

झालं, रविवारी दुपारी चाळीच्या चौकात चाळीस-पन्नास पुरुष जमले. पहिल्या बाजूला ‘भोंगा’ हे गाणं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं दुसऱ्या बाजूचं. ‘पाखरू’ की ‘गेटवाली’? मधे दोन टोपल्या मांडल्या होत्या. ज्याला जे गाणं हवं, त्यानं त्या टोपलीत सूत संपलेली रिकामी कांडी टाकायची.

गोजरबाई आपल्या दाराच्या पायरीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. बायकांना कांडी दिली नव्हती. गाणी ऐकायची तेवढी सगळ्यांनी आणि अक्कल मात्र पुरुषांची, हा चाळीचा जुना कायदा. पण आज तिचा जळफळाट त्यासाठी नव्हता. गाण्यातली गेटवाली म्हणजे ती स्वतःच होती, आणि ‘गेटवाली’च्या टोपलीत पहिली कांडी टाकली होती तिच्या पोटच्या पोरानं, भीमानं.

भीमाला काही ठाऊक नव्हतं. गिरणीत लागून त्याला वर्ष झालं होतं. जुन्या माणसांना सगळं माहीत होतं, पण लेकासमोर ती गप्प बसत आणि पाठीमागं हसत. आंघोळ करताना तो तेच गाणं गळा काढून म्हणायचा आणि ती चुलीपुढं ओठ चावून बसायची.

“छोट्या तबकडीचं कसं हाय,” लाऊडस्पीकरवाला रुद्रप्पा सांगत होता, “सुई टेकली की गाणं अंगावर आलं पायजे. जत्रंत मानूस थांबत न्हाय. ‘पाखरू’ लई ग्वाड हाय, पण ते सुरू हुईस्तवर गाडा निघून जातोय.”

“हौदु, हौदु,” हॉटेलवाल्या ईश्वरप्पानं मान डोलावली. “आन् गाणं कपभर चहाएवढंच असावं. चहा संपला, गाणं संपलं, गिऱ्हाईक उठलं. ‘पाखरू’ला बाकडं अडून बसतंय की.”

“गेटवालीच घाला,” भीमा म्हणाला. “मंद्रूपपासनं करकंबपर्यंत एक मांडव सुटायचा न्हाय.”

आणि मग त्या सगळ्यांनी मिळून टाळ्यांवर गाणं धरलं.

*भोंगा झाला, गेट मिटलं, चढली गेटवाली,*
*जॉबरानं हात दिला, अलगद खाली आली.*

जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं, नाव आलं की डोळा घालायचा, ही त्या गाण्याची रीत. पन्नास जणांनी डोळा घातला. भीमानंही घातला. गोजरबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि सरळ दोन टोपल्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“आये, तू कशाला आलीस हितं?” भीमा ओशाळून म्हणाला.

ती त्याच्याकडं बघतच नव्हती. समोर बाकड्यावर मानाच्या जागी पार्टीचा म्होरक्या, गाणी रचणारा धुळाप्पा चहाचा कप घेऊन बसला होता. बावीस वर्षांपूर्वी हाच धुळाप्पा दिवसा गिरणीच्या गेटवर पहारेकरी होता.

“अण्णा, तुमी हुता त्या दिवशी गेटवर,” ती म्हणाली. “सांगा समद्यास्नी. ती बाई कशापायी चढली?”

धुळाप्पानं चहात बघितलं. “जुनी गोष्ट हाय, गोजरबाई. गाणंच हाय ते.”

“सांगतोस का मी सांगू?” ‘तुमी’ कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

मग तिनंच सांगितलं. सहा महिन्यांचा भीमा गिरणीच्या पाळणाघरात तापानं फणफणत होता. सुट्टीत ती दवाखान्यातून औषधाची बाटली आणायला धावली. परत आली तेव्हा भोंगा होऊन गेला होता आणि गेट मिटलं होतं. पोराचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. तिनं धुळाप्पाच्या पाया पडून पाहिलं. कायदा म्हणजे कायदा, म्हणाला. तेव्हा तिनं बाटली पदरात बांधली आणि गेटावर पाय दिला. वरच्या लोखंडी टोकानं पोटरी फाडली. आतून जॉबरनं हात दिला हे खरं. फाटकावर अडकलेल्या कुत्र्यालाही कुणीही हात देतो.

“त्या गणपतीत ह्यानं गाणं केलं,” ती म्हणाली. “वरसभरात मला गिरणी सोडावी लागली. तुजा बा पुन्यांदा माज्यासंगं रस्त्यानं चालला न्हाय, भीमा. मरंस्तवर त्यानं एका शब्दानं इचारलं न्हाय. गाण्यावर इस्वास ठेवला त्यानं.”

भीमाची नजर तिच्या पोटरीवरच्या लांब वणाकडं गेली. लहानपणी विचारलं तेव्हा ‘पत्रा लागला’ असं ती म्हणाली होती.

“पाळणाघर चालीत बसंना गं,” धुळाप्पा अखेर पुटपुटला. “जॉबर बसला. म्हनून घातला.”

गोजरबाईला वाटलं, हा मारायला आला असता तरी परवडलं असतं. चालीत बसेना. तेवढ्यासाठी.

“जाऊ द्या आता,” ईश्वरप्पा समजुतीनं म्हणाला. “‘पाखरू’ घालूया. ‘गेटवाली’ नको. मिटलं की.”

“मिटलं?” ती त्याच्यावर फिरली. “बावीस वरसं वाजीवलंत आन् आता गुपचूप पुरून टाकता व्हय? न्हाय. हितंच म्हन, धुळाप्पा. माज्या लेकासमोर. पाळणाघर घालून म्हन.”

“बसत न्हाय गं ते.”

“मग चाल वाकीव. लेकुरवाळी बाई गेट वलांडून गेली, तुला चाल वाकीवता येत न्हाय?”

धुळाप्पानं कप बाकड्यावर ठेवला. पहिल्यांदा म्हटलं, ते मधेच ठेचकाळलं. दुसऱ्यांदा म्हटलं, शेवट चालीबाहेर उरला. भीमानं टोपलीतली आपली कांडी केव्हाच उचलून मुठीत धरली होती. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

*भोंगा झाला, गेट मिटलं, चढली गेटवाली,*
*पाळणाघरी लेकरापायी रगत गाळत आली.*

बसलं. एक मात्रा इकडची तिकडं झाली नाही. डोळा घालायला जागाच उरली नव्हती, आणि कुणी घातलाही नाही. भीमानं वाकून कांडी परत ‘गेटवाली’च्या टोपलीत टाकली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

धुळाप्पाला वाटलं असावं की आता ही निवळेल. तो तिच्याकडं बघून थोडा हसला. गोजरबाईनं त्याच्या कपाकडं बोट दाखवलं. त्यातून अजून वाफ निघत होती.

“चहा निवायच्या आत झालं की रं,” ती म्हणाली, आणि जाऊन पुन्हा सूप मांडीवर घेतलं.