सोळाव्या लुईचा पलंग

आई जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा बाबांनी नवा पलंग घ्यायचं ठरवलं. कौसर नावाच्या बाईशी लग्न ठरवल्याचं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आमच्या दमियत गावात हा क्रम कुणाला खटकत नाही. इथे दर तिसरं घर सुताराचं. सोयरीक जुळवताना माणसाआधी लाकूड पाहतात. नवरा कितीही पिकलेला असो, शयनगृह त्यानं नवंकोरं आणायचं. दुसरी बायको पहिलीच्या पलंगाला पाठ टेकत नाही, हे तर शेंबडी पोरंही जाणतात. बाबा भूगोलाचे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

"चल रबाब," ते म्हणाले, "तुझी नजर आईसारखी आहे."

आईच्या जागी येणाऱ्या बाईसाठी आईची नजर. मी चप्पल घातली.

इन्साफ आत्या सोबत होतीच. भावाच्या पहिल्या लग्नात तिला कुणी विचारलं नव्हतं. बेचाळीस वर्षं मनात ठेवलेला तो हिशेब तिला आता चुकता करायचा होता. दुकानाचं नाव फ्रेंच, मालक इथलाच आणि दारात मुशब्बक मिठाईचं ताट. विक्रेत्यानं बाबांना पहिल्याच वाक्यात पाशा करून टाकलं.

"हा पंधरावा लुई, पाशा. हा सोळावा. पाय बघा! पंधराव्याचे वाकडे, सोळाव्याचे सरळ."

"फरक काय पडतो?" बाबांनी विचारलं.

"सोळावा जास्त चालतो."

त्या फ्रेंच राजाचं मुंडकं छाटलं होतं, हे मी बोलले नाही. सगळीकडे सोनेरी फुलं, सोनेरी हंस, उशाच्या पाठीला जांभळी मखमल आणि तिच्यात खोल रुतवलेली बटणं. एका पलंगाला तर डोक्याशी निळा दिवाही होता. आत्यानं तो सात वेळा लावला आणि विझवला.

"लाकूड कुठलं?" बाबांनी विचारलं.

"इटालियन, पाशा."

बाबा वाकले आणि बोटाच्या पेरानं ठोकू लागले. सुताराच्या गावात जन्म गेलेल्या माणसाचं बोट शिक्षण खात्यातही बिघडत नाही. आवाज खोक्यासारखा आला. भुसा दाबून केलेली फळी, वर सोनं. दुसरा पलंग ठोकला, तिसरा ठोकला. दुकानभर दार वाजवत फिरावं तसे ते फिरले, आणि एकाही दारातून ओ आली नाही.

घरी आल्यावर मी मुद्द्याचं बोलले. "बाबा, नवा पलंग आला की आईचा मला द्या."

आईचा पलंग रुमानियाहून आलेल्या भरीव बीच लाकडाचा. आजोबांनी, आईच्या वडिलांनी, तो स्वतःच्या हातानं केलेला. वर ना नक्षी ना रंग. शेवटच्या आजारात आईचा हात त्याच्या कडेवरून सतत फिरत असायचा. ती कड तिथे काचेसारखी गुळगुळीत झाली होती. मला तिच्या दागिन्यांतलं काही नको होतं. एवढं हवं होतं.

"एकट्या बाईला दुहेरी पलंग कशाला?" बाबा म्हणाले.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. या प्रश्नाची मला सवय आहे. "झोपायला," मी म्हटलं.

 त्यांची बोटं आईच्या पलंगावर वाजत होती, आणि आवाज ठणठणीत येत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी शाळेत शिकवून परतले तर खोली रिकामी. पलंग कारखान्यात गेला होता.

"असलं लाकूड आता येत नाही," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "भुशाच्या खोक्यावर निजवू का मी कौसरला? आतून तोच, फक्त कपडे नवे."

"तिला सांगितलंत?"

"तिला कशाला त्रास? आणि त्या पलंगावर कुणी गेलेलं नाही. तुझी आई दवाखान्यात गेली."

आत्या तिथंच कलिंगडाच्या बिया सोलत होती. "पलंगाला काय तोंड असतं, गं? तू नाही बोललीस तर कोण बोलणार?"

पलंग परत आला तो सोळावा लुई होऊन. पाय सोनेरी, कडा सोनेरी, पाठीला जांभळी मखमल. आईचा हात जिथे फिरायचा तिथे सोन्याचा वेल चिकटवला होता. आत्यानं त्याला निळा मणी बांधला, धूप फिरवला आणि माशाअल्ला म्हणून तीनदा फुंकर घातली. कुणाची नजर लागेल म्हणून एवढी काळजी!

लग्नाच्या आधल्या आठवड्यात नवरीकडच्या बायका घर मांडायला आल्या. तसा रिवाजच आहे. चादरी, उशा, पडदे त्यांनी लावायचे आणि सासरच्यांनी सरबत द्यायचं. कौसर पन्नाशीची, विधवा, अंगानं भरलेली आणि बोलायला मोजकी. तिच्यासोबत तिचा भाऊ उस्ता फवाझ आला होता. तो सुतार, वडीलही सुतार होते.

"इटालियन," आत्यानं कुणी विचारायच्या आत जाहीर केलं.

बायकांनी मबरूक म्हणत अभिनंदन केलं.  कौसरनं उशा मला धरायला दिल्या, गुडघे टेकले आणि सरळ पलंगाखाली शिरली. बाहेर फक्त तिचे पाय राहिले.

"अगं, नवरी तू! खाली काय ठेवलंय?" आत्या ओरडली.

"खालीच तर असतं सगळं, आत्याबाई," कौसरचा आवाज आला. "फवाझ, बॅटरी दे."

फवाझनं बॅटरी खाली सरकवली. मग ती हळू अडखळत वाचू लागली. "'माझ्या सुआदच्या लग्नाला. हसन.' पेन्सिलीनं लिहिलंय." पाय हलले. "सुआद कोण?"

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर भिंत होती.

"कारखान्याचं नाव असेल," आत्या म्हणाली.

"इटलीत सुआद?" फवाझनं विचारलं.

कौसर बाहेर आली. तिच्या केसांना जाळं लागलं होतं. तिनं बाबांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे वळली. "रबाब, सुआद कोण?"

"माझी आई."

आजोबांचं ते अक्षर तिथे आहे हे मला ठाऊक होतं. लहानपणी मी त्या पलंगाखाली पडून तेच वाचायला शिकले. सोनं चढवणाऱ्यांनी वरचं, दिसणारं सगळं मढवलं. खाली वाकून कोण बघतं? सुताराची मुलगी बघते. हेही मला ठाऊक होतं. आठ दिवस मी तोंड मिटून या क्षणाची वाट पाहत होते. तो आला आणि माझ्या हातात दोन उशा होत्या.

"उस्ताद वगीह," कौसर बाबांकडे वळून म्हणाली, "तुम्ही मला मेलेल्या सवतीच्या जागी निजवणार होतात, तेही तिला नटवून?"

"लाकूड बघ, कौसर. लाकूड एक नंबर आहे," बाबा म्हणाले.

फवाझनं बहिणीच्या पिशव्या उचलल्या. कौसरनं त्या त्याच्या हातातून काढून खाली ठेवल्या. मला वाटलं होतं ती निघून जाईल. खरं सांगायचं तर मी तेच धरून बसले होते.

"हा पलंग पोरीचा. तिच्या खोलीत न्या," ती म्हणाली.

फवाझनं माझ्या खोलीचं माप घेतलं. पलंग आत गेला असता, मग दार लागलं नसतं. "एक वीत कापावा लागेल," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. आमच्या घरात त्या दिवशी मी मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द.

कौसरनं भावाला फीत गुंडाळायला लावली. "मग राहू दे तिथंच. मोठी खोली तिची. आम्ही लहानीत राहू."

"माझी खोली?" बाबा म्हणाले.

"आणि मला लोखंडाचे दोन पलंग हवेत. वेगवेगळे."

"लोखंड! दमियतमध्ये!" आत्यानं छातीवर हात मारला. "दवाखाना आहे का हा?"

"लाकडाचं काही खरं नाही, आत्याबाई. वरून एक, आतून एक. लोखंड ठोकलं की आहे ते बोलतं." ती बाबांकडे बघून बोलली आणि पडद्याचे आकडे मोजू लागली.

पुढच्या गुरुवारी ते दोन काळे पलंग उघड्या ट्रकमधून, ढोल-सनईसकट, सुतारांच्या अख्ख्या बाजारातून घरी आले. नवरीचं सामान इथे वाजतगाजतच आणतात, नाहीतर लपवून आणलं असं लोक म्हणाले असते. दुकानदार दारात येऊन बघत होते. बाबा चालकाशेजारी बसले होते, मान नकाशाच्या दांडीसारखी ताठ. आत्याला त्या दिवशी गुडघेदुखी झाली.

मी मोठ्या खोलीत राहायला गेले. सोनं खरवडायला घेतलं, पण त्याच्यासोबत खालचं लाकूडही सुटू लागलं. आता आईची कड कुठून कुठवर होती ते सांगता येत नाही. खोलीला सरसाचा वास येतो. तरी मी तिच्याच बाजूला पडते.

एका दुपारी दारावर टकटक झाली. मी दार उघडलं नाही, पडूनच विचारलं, "कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "माझे स्वेटर त्या कपाटात राहिलेत. येऊ का आत?"

बेचाळीस वर्षांत त्या दाराशी त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी उठून बसले. 'या' म्हणायची मी घाई केली नाही.