एका नावाची धोपटाधोपट

लेकीनं अट घातली ती बापाच्या दुकानात, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी.

"बाबा, यंदाच्या मेळाव्यात रक्ताचा एक थेंब जरी सांडला, तर बाळाला तुमचं नाव नाही. विषय संपला."

खाटकानं सुरा खाली ठेवला. मागे आकड्याला अख्खा बोकड उलटा टांगलेला, हात कोपरापर्यंत लाल, आणि ही म्हणतेय एक थेंब.

"अगं, सगळी आपलीच माणसं आहेत."

"म्हणूनच सांगतेय. गेल्या वर्षी आपल्याच माणसांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं."

हे खरंच होतं. त्याचं असं झालं, की खाटकाचं नाव एके काळी गावात इतकं चालायचं, की बाजारात हाक मारली तर निम्मा रस्ता मागे वळायचा. त्या नावाच्या लोकांची एक मंडळी होती आणि खाटीक तिचा अध्यक्ष. मंडळीत नावानं हाक मारायची सोय नव्हती, त्यामुळे सगळे धंद्यावरून ओळखले जात. प्लंबर, न्हावी, बेकरीवाला, दाताचा डॉक्टर, रिटायर झालेला मास्तर. वर्षातून एकदा हॉल घ्यायचा आणि हे नाव आलं कुठून, त्याचं नाटक करायचं. म्हणजे असं, की पहिला जो होता तो कपडे धुणारा. लुटारू पुलावरून गावात शिरायला लागले, गाव कड्या लावून बसलं, आणि हा एकटा पुलावर उभा राहून धोपटण्यानं एकेकाचं डोकं फोडत गेला. तेव्हापासून घरोघरी पोरांना त्याचं नाव. नाटकात लुटारूचं काम नेहमी बाहेरच्या नावाच्या माणसाला मिळायचं. गेल्या वर्षी ते जावयाला मिळालं, आणि वीर जरा रंगात आले.

नाटक झालं की नव्या बाळाचं तेच नाव स्टेजवरून जाहीर करायचं. पण बाळ आणायचं कुठून? हल्लीचे आईबाप औषधाच्या बाटलीवर शोभतील अशी नावं ठेवतात. मंडळीतला सगळ्यात तरुण सभासद म्हणजे न्हावी, आणि तोही मिशीला कलप लावायचा. नातवाला नाव मिळालं नाही तर ही म्हातारी मंडळी जातील आणि नावही त्यांच्याबरोबर जाईल, एवढंच खाटकाच्या डोक्यात होतं.

म्हणून यंदा त्यानं फार जपून पावलं टाकली. त्याआधी एका वर्षी नोटिशीत प्लंबरला 'गळका' म्हटल्यावरून पेटलं होतं. तेव्हा यंदा टोपणनाव नाही, धंदाही नाही. हॉलच्या दारावर त्यानं ठळक अक्षरांत कागद लावला, की वीराचं काम श्रीयुत अमुक करतील. नुसतं नाव, मानाचं. त्याच्या मनात न्हावी होता.

मेळाव्याच्या दिवशी लेक बाळाला घेऊन पुढच्याच खुर्चीवर बसली. पडदा सरकला. डावीकडून न्हावी आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात बॅट. उजवीकडून प्लंबर आला, डोक्याला टॉवेल, हातात पाइप. मागून बेकरीवाला आला लाटणं घेऊन. प्रेक्षकांतून दाताचा डॉक्टर चढला. मग उरलेली मंडळीही चढली. स्टेजवर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि प्रत्येक जण वीर.

"तू कशाला आलास?" न्हाव्यानं विचारलं.

"दारावर माझं नाव आहे," प्लंबर म्हणाला.

"ते माझं आहे."

"मग माझं कुणाचं आहे?" बेकरीवाला म्हणाला.

"आणि लुटारू कोण?" डॉक्टरनं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं काही चांगलं नव्हतं.

"भावांनो," खाटीक हात जोडून मध्ये पडला, "यंदा लुटारूशिवाय करू. नुसतं उभं राहायचं, नमस्कार करायचा, खाली उतरायचं."

एवढ्यावर भागलं असतं. पण मास्तर पुढे आला. "बरंच झालं. तसाही तो पहिला पुलावर उभा नव्हताच. पुलाखाली लपला होता. मी वाचलंय."

प्लंबरनं पाइप फिरवला. मास्तर शाळेतल्या सवयीनं खाली वाकला. पाइप न्हाव्याच्या कानावर बसला. न्हाव्याला वाटलं डॉक्टरनं मारलं, त्यानं बॅट घातली डॉक्टरच्या तोंडात. डॉक्टर पडला तो बेकरीवाल्याच्या पोटात डोकं घालून. मग कोण कुणाला आणि का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. खुर्च्या उडाल्या. माइकचा दांडा एकाच्या नडगीवर मोडला. कुणीतरी पडदा ओढला आणि तो दांडीसकट चौघांवर आला, तर ते आत काही न दिसताही एकमेकांना कुटत राहिले.

तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको दारात आली आणि तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.

"ओ!" अख्खा हॉल म्हणाला. मुठी हवेत, पाइप हवेत, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं बोट.

"भट्टीत पाव जळतायत!"

"आलो," बेकरीवाला म्हणाला. बाकीच्यांनी हाक आपल्याला नाही हे पाहून राहिलेलं पुढे चालू केलं.

खाटीक मात्र हात उचलत नव्हता. टेबलावरची चादर घेऊन तो गुडघ्यांवर रांगत रक्त पुसत होता. पाठीवर रट्टे बसत होते, तरी पुसत होता.

"बाबा, ते काय आहे?"

"टोमॅटो आहे गं! कुणीतरी सँडविच सांडलं!"

"टोमॅटोला दात कुठून आले?"

डॉक्टरनं वाकून दात उचलला, उजेडात धरून पाहिला. "माझाच आहे. काढायलाच झाला होता," तो म्हणाला आणि पुन्हा न्हाव्यावर धावून गेला.

तेवढ्यात निघालेल्या बेकरीवाल्यानं जाता जाता एक शेवटचा म्हणून हात काढला. लाटणं निसटलं, गरगरत आलं आणि बाळाच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीत घुसलं.

खाटीक उठला. त्यानं चादर नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. बेकरीवाल्याला पट्ट्याला धरून उचलला, एक ठेवून दिली, आणि भिंतीवरच्या कोट अडकवायच्या हुकाला टांगला. शेजारी प्लंबर टांगला. मग न्हावी. हाताला जन्माची सवय, वजनाचा अंदाज पक्का. प्रत्येकाला एक ठोसा आणि एक हूक. हूक संपले तेव्हा त्यानं मास्तरला खिडकीच्या कडीला अडकवला. भिंतभर एकाच नावाची माणसं पाय झाडत होती.

खाटीक वळला. हात कोपरापर्यंत लाल.

 लेकीनं अँब्युलन्सला फोन लावला.

दवाखान्यात नर्सनं नाव पुकारलं. जो चालत किंवा लंगडत आधी पोचला, तो आत गेला. त्यामुळे कान सुजलेल्या न्हाव्याच्या पायाला प्लास्टर झालं. पाय मोडलेल्या प्लंबरला जबड्याचा एक्स-रे काढून "तुम्ही ठणठणीत आहात" असं सांगण्यात आलं. दाताच्या डॉक्टरच्या पोटाला टाके पडले, पोटाला काहीही झालेलं नसताना. मास्तर नुसता पाणी प्यायला उठला होता, त्याला भूल दिली.

"बघितलंत?" लेक खाटकाच्या खाटेपाशी येऊन म्हणाली. "उद्या माझं पोर इथं आणलं आणि त्याच्या जागी ह्या न्हाव्याला गोवराचं औषध दिलं तर?"

खाटकानं बाळासाठी हात पुढे केले. हाताला बँडेज, नाक वाकडं.

"मी आताच इथल्या नोंदवहीत बाळाचं नाव लिहून आले."

तिनं नाव सांगितलं. खाटकानं दोनदा म्हणून पाहिलं. तोंडात नीट बसेना.

"आणखी कुणाचं आहे हे?"

"कुणाचंच नाही."

"गावात?"

"कुठेच नाही. मी बनवलं."

खाटकानं बाळाला बँडेजच्या हातांत घेतलं.  डोळे भरून आले.

"म्हणजे मोठा झाला, मेळावा भरवला, तर हा एकटाच?"

"एकटाच."

"मग मारायला माणसं कुठून आणणार गं, बिचारा?"

शेजारच्या खाटेवरून, मोडका पाय तसाच लोंबकळत ठेवून, प्लंबर उठून बसला. "अध्यक्ष, रडता कशाला? आम्ही काय मेलोय? येऊ की आम्ही!"

लेकीनं सलाइनचं स्टँड उचललं.